वाचले, समजले

त्या दोघांची ओळख एका फ्रीजरच्या दारात झाली. मुलीचे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणूनच झाली, नाहीतर कुणा अनोळखी मुलाला आपणहून हाक मारायची तिची छाती नव्हती.

"ए… जरा इकडे ये. हे दार धर."

"मी?"

"दुसरं कोण दिसतंय तुला इथे?"

खरंच दुसरं कोणी नव्हतं. विद्यापीठाच्या त्या इमारतीचा तळमजला, लांबलचक बोळ आणि बोळाच्या टोकाला हा कपाटाएवढा फ्रीजर. आत उणे ऐंशी अंश, म्हणून सगळे त्याला 'उणे ऐंशी' याच नावाने ओळखत. त्याचं दार सारखं मिटायला बघायचं, आणि मिनिटभर उघडं राहिलं की तो असा काही कोकलायचा की वरच्या मजल्यावरची माणसं खाली डोकावत. मुलगा गणित विभागातून आला होता आणि रस्ता चुकला होता. त्याने मुकाट्याने दाराला खांदा लावला.

"किती वेळ धरू?"

"अलार्म व्हायच्या आत आटपते."

"म्हणजे अंदाजे?"

"अंदाजे-बिंदाजे नंतर. हा डबा पकड."

पुठ्ठ्याचा चौकोनी डबा त्याच्या हातात आला. हातमोजे नव्हते, गारठ्याने बोटांना चटकाच बसला आणि डब्याचं झाकण सटकून खाली पडलं. त्याने ते उचलून कसंबसं परत बसवलं, तोवर 'उणे ऐंशी' कोकलायला लागला होता. मुलीने डबा हिसकावून कप्प्यात सरकवला, दार दाबून लावलं, आणि दोघंही दाराला पाठ टेकून धापा टाकत उभी राहिली. आधी तो हसला. मग तिलाही हसू आवरेना.

"मी जिवाणूवाल्या टीमची खोली शोधतोय," तो म्हणाला.

"सापडली," ती म्हणाली. "म्हणजे… मी सापडले. बाकीचे वर आहेत."

तिला टीममध्ये सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, आणि दिवसभर काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असायची. त्याला आठवड्याभरात 'अंदाजे' हे नाव पडलं, कारण गणिताचा असूनही त्याचं एक वाक्य त्या शब्दावाचून पुरं होत नसे. अकरा जणांची ती टीम. जिवाणूंच्या जनुकांत फेरफार करायचे, त्यांच्याकडून काही उपयोगाचं काम करून घ्यायचं आणि वर्षअखेरीला ते जगभरच्या विद्यार्थ्यांपुढे मांडायचं, अशी स्पर्धा. यांचे जिवाणू पाण्यातलं शिसं हुंगणार होते. शिसं असलं की हिरवे चमकणार, नसलं की गप्प. म्हणून त्यांचं लाडाचं नाव 'नाक'. आणि काहीही झालं तरी चमकतच राहणारे दुसरे एक जिवाणू होते, नुसते तुलनेसाठी ठेवलेले. त्यांचं नाव 'दिवा'.

आता या टीमची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. प्रयोगाची नोंदवही पेनाने लिहायची. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चूकसुद्धा वाचता येते. आणि प्रत्येक पानाच्या खाली, ज्याने तो प्रयोग केलेला नाही अशा कुणीतरी पान वाचून लिहायचं, 'वाचले, समजले'. त्याखाली सही आणि तारीख. मार्गदर्शक मॅडमचा हा नियम इतका कडक होता की कोणी हसण्यावारी न्यायला धजत नसे.

मुंगीचा साक्षीदार म्हणून अंदाजेची नेमणूक झाली. रोज चारच्या सुमाराला तो मैदान ओलांडून यायचा, तिच्यासमोरच्या उंच स्टुलावर बसायचा आणि वही पुढ्यात ओढायचा.

"वाचलंस?"

"वाचलं."

"समजलं?"

"अंदाजे."

"मग सही कशाला करतोस?"

"सही केली नाही तर उद्या बोलावशील का तू?"

असं काही म्हणाला की मुंगी पटकन नळ सोडायची आणि धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुवायला घ्यायची. कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. तिला वाटायचं, त्याच्या ते लक्षात येत नाही.

चार महिने 'नाक' काही केल्या धड हुंगेना. चमकायचं, पण मरतुकडं. आणि मग एका गुरुवारी नवीन सुरुवात करावी म्हणून मुंगीने 'उणे ऐंशी'मधल्या डब्यातून 'नाक' काढलं, वाढवलं, शिशाच्या पाण्यात सोडलं… निळ्या दिव्याखाली नळ्या धरल्या, डोळ्यांवर नारिंगी चष्मा चढवला आणि तिचा श्वासच अडकला. काय ती चमक. कॅप्टनने, म्हणजे टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या एका कडक मुलीने, तिला चक्क उचलून गरकन फिरवलं. चार वाजता अंदाजे आला तेव्हा मुंगीच्या डोक्यावर चष्मा तसाच होता, केसांचा पार अवतार झाला होता आणि ती सारखी बोलत होती. त्याने सही केली. त्या दिवशी त्याने जरा लवकरच सही केली, पण ती एवढ्या आनंदात होती की तिला ते जाणवलं नाही.

बिनशिशाच्या पाण्याच्या तुलनेत वीसपट. त्या आकड्यावर अंदाजेने आलेख काढला, आलेखावर वेबसाइटचं पहिलं पान उभं राहिलं, आणि टीममध्ये सुवर्णपदक हा शब्द दबक्या आवाजात का होईना, ऐकू यायला लागला. स्पर्धेचा नियम असा की ठरलेल्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता प्रत्येक टीमच्या वेबसाइटला कुलूप. त्यानंतर स्वल्पविरामसुद्धा हलवता येणार नाही.

त्या शुक्रवारच्या आधीचा मंगळवार. सकाळी साडेदहा.

कॅप्टनने सांगितलं होतं, एकदा शेवटचं करून बघ आणि आकडे दे. मुंगीने सगळं नीट मांडलं. शिशाच्या पाण्याच्या तीन नळ्या, शिसं नसलेल्या पाण्याच्या तीन. गेल्या वेळी या दुसऱ्या तीन लावायला वेळच मिळाला नव्हता. मोजायचं मशीन अर्ध्या तासात दुसऱ्या विभागाला द्यायचं होतं, म्हणून तिने त्याआधीच्या आठवड्याचे आकडे घेतले होते आणि तसं वहीत लिहिलंही होतं. आज वेळ होता. तिने नारिंगी चष्मा लावला आणि निळा दिवा सुरू केला.

सहाच्या सहा नळ्या चमकत होत्या.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. शिसं असलेल्या आणि शिसं नसलेल्या नळ्यांत काडीचा फरक नव्हता.

ती जिना उतरून तळमजल्यावर गेली ती जवळजवळ धावतच. 'उणे ऐंशी' उघडला, डबा बाहेर काढला. डब्यात नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशी घरं. झाकणावर त्या घरांचा नकाशा चिकटवलेला, कुठल्या घरात काय ते बारीक अक्षरात लिहिलेलं. पहिल्या घरात 'नाक', शेवटच्या घरात 'दिवा'. झाकणाच्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका, डब्याच्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका, आणि ठिपक्यावर ठिपका आला पाहिजे. आता तिने पाहिलं. झाकणाचा ठिपका या टोकाला आणि डब्याचा त्या टोकाला होता.

नळ्यांवर पांढरं हिम साचलेलं असतं, नाव दिसत नाही. पुसत बसलं तर नळी वितळायला लागते, म्हणून नकाशावर भरवसा ठेवून उचलायची. तिने तेच केलं होतं. आता तिने पहिल्या घरातली नळी काढून अंगठ्याने पुसली. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दिवा.

'उणे ऐंशी' कोकलायला लागला तरी ती तशीच उभी होती. वीसपट चमक 'नाका'ची नव्हतीच. जो काहीही झालं तरी चमकतो तोच चमकला होता, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली. तो डबा भरून ठेवल्यापासून त्या गुरुवारपर्यंत त्याचं झाकण एकदाच निघालं होतं. दाराला खांदा लावून उभ्या असलेल्या एका मुलाच्या हातून.

हे सगळं त्या क्षणी एकट्या तिला माहीत होतं. खरी भीती ती हीच. कोणी तिला धरलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. सहा नळ्या बेसिनमध्ये ओतून जंतुनाशक टाकलं की मिटलं. शुक्रवारी कुलूप लागेल, आलेख तसाच राहील, तो हसेल, चार वाजता येईल. तिने दार लावलं. दाराची खिट्टी दोनदा निसटली.

चार वाजता तो आला, नेहमीसारखा, स्टूल ओढत.

"आण वही."

"आज… आज काही केलंच नाही."

"काहीच नाही? मुंगी दिवसभर बसून राहिली?"

"डोकं दुखतंय."

तो थांबला. तिच्या हाताखाली वही मिटलेली होती, आणि तिने ती अशी दाबून धरली होती की नखं पांढरी पडली होती. त्याने वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी काही केलंय का?" त्याने हळूच विचारलं.

बस्स, एवढंच विचारलं त्याने. तिला म्हणायचं होतं, हो, केलंयस, आणि तुला ते माहीतसुद्धा नाही. पण तोंडातून निघालं ते "नाही रे, तू कशाला काय करशील" एवढंच. तो थोडा वेळ बसला, बाटलीची बुचं उगाच रांगेत लावली आणि उठला. जाताना म्हणाला, "उद्या ये म्हणशील ना?" तिने मान हलवली. तो गेल्यावर खिडकीतून तो मैदान ओलांडताना दिसला, आज जरा सावकाश चालत होता.

कॅप्टन रागावेल, मॅडम बोलतील, टीम तोंड फिरवेल, हे सगळं तिने मनात मांडून पाहिलं होतं आणि ते सोसण्यासारखं वाटलं होतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. त्या पानावर त्याची सही होती. झाकण त्याचं होतं. खरं सांगितलं तर टीमचं वर्ष वाया घालवणारा म्हणून त्याच्याकडे बोट जाणार, आणि बोट दाखवणारी ती. मग कोण येतंय मैदान ओलांडून.

घरी पोचेस्तोवर बाबांचा फोन आला. बाबा नळजोडणीची कामं करत. एका पाडलेल्या इमारतीतून त्यांनी हातभर लांबीचा शिशाचा जुना पाइप कापून तिला आणून दिला होता, आणि त्यातून काढलेलंच पाणी ती वापरत होती. वेबसाइटवर त्या पाइपाचा फोटो होता. बाबांनी तो मोबाइलवर किती जणांना दाखवला होता त्याची गणतीच नव्हती.

"काय गं, माझा पाइप पास का नापास?"

"अजून… चाललंय, बाबा."

"आवाज का बसलाय तुझा?"

"असंच." मग थोडं थांबून तिने विचारलं, "बाबा, तुमचं काम कधी चुकलंय?"

"कधी? अगं, कितीदा ते विचार." ते मजेत होते. "एकदा एका बाईंच्या घरी जोड बसवला. अर्धा तास बघितलं, एक थेंब नाही. खूश होऊन घरी आलो. जेवताना आठवलं, वरचा कॉकच सोडला नव्हता. पाणीच येत नव्हतं, तर गळणार काय?"

"मग?"

"मग गेलो परत. सांगितलं, माझं चुकलं. ऐकवलं त्यांनी, चांगलं ऐकवलं."

"पुढे कधी बोलावलं का त्यांनी तुम्हाला?"

"छे. कधीच नाही."

"मग गेलात कशाला परत?"

बाबांना तो प्रश्नच कळला नाही. "अगं, कॉक कोणीतरी सोडणारच ना. भिंत भिजली असती त्यांची."

बुधवारी सकाळी मुंगीने पान लिहिलं. सहा नळ्या, झाकण, ठिपके, अंगठ्याने पुसलेलं नाव, सगळं. आणि एका ओळीवर तिचं पेन अडलं. बराच वेळ अडलं. मग तिने लिहिलं: 'झाकण उलटं लागलं होतं. कोणाकडून, ते माहीत नाही.' चार महिन्यांत त्या वहीत तिने लिहिलेली ही एकमेव खोटी ओळ.

अकरा वाजता सगळे जमले. मॅडम फळ्याजवळ, चष्मा कपाळावर सरकवलेला. कॅप्टन टेबलाच्या टोकाला. अंदाजे दाराशी, भिंतीला टेकून. मुंगीने पान वाचून दाखवलं. दोनदा ओळ चुकली, पण शेवटपर्यंत वाचलं. शेवटपर्यंत तिने वहीतून मान वर काढली नाही.



"वीसपट," कॅप्टन म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण असं की मुंगीला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. "दहा दिवस आपण तो आकडा छातीवर मिरवतोय."

"हो."

"परवा बाराला कुलूप आहे, मुंगी."

"माहीत आहे."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "झाकण कोणाकडून लागलं, ते माहीत नाही?"

मुंगीने वहीतली ती ओळ बोटाने झाकली. "नाही, मॅडम."

"माहीत आहे," दाराशी आवाज आला. "मी लावलं."

तिने झटकन वर पाहिलं. तो भिंतीपासून पुढे आला होता, चेहरा पांढराफटक पडलेला.

"मी आलो त्याच दिवशी. माझ्या हातून पडलं, मी उचलून लावलं. ठिपका-बिपका मला काही ठाऊक नव्हता. ती समोरच होती, तिला माहीत आहे." मग थांबून, "आणि आणखी एक आहे."

"आणखी?" कॅप्टनने कपाळावर हात मारला.

"त्या गुरुवारच्या पानावर तिने स्वच्छ लिहिलं होतं, शिसं नसलेल्या नळ्यांचे आकडे जुने आहेत म्हणून. मी काल तिच्या… काल घरी जाऊन, आलेखासाठी काढून ठेवलेले पानांचे फोटो पाहिले. खालून तिसरी ओळ. वाचली असती तर मी तिथेच म्हटलं असतं, हे चालायचं नाही, आजचेच हवेत. तेवढ्यासाठीच तर मला बसवलं होतं." तो अडखळला. "मी ते पान वाचलं नव्हतं. न वाचताच 'वाचले, समजले' लिहिलं."

मॅडमचा आवाज शांत होता, आणि तोच जास्त भीतिदायक होता. "पान समोर ठेवून बसला होतास. मग काय करत होतास?"

तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"मी विचारतेय."

"मी… समोर बघत होतो, मॅडम."

"समोर काय होतं?"

अंदाजेचे कान लालबुंद झाले, मानेपर्यंत. शेवटी कॅप्टननेच निःश्वास सोडला आणि म्हणाली, "मॅडम, समोर ही होती."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मुंगीला कुठे बघावं कळेना. भीती होतीच, पण तिच्यात आता भलतंच काहीतरी मिसळलं होतं, आणि दोन्हींनी मिळून तिच्या छातीत असा धुमाकूळ घातला की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही मुंगीपुढे सरकवली. "त्या ओळीवर रेघ मार. एकच. खाली खरं लिही." मुंगीने रेघ मारली आणि लिहिलं. मग मॅडम त्याच्याकडे वळल्या. "आणि तू. आजपासून हिच्या पानांवर तुझी सही चालणार नाही. साक्षीदार तटस्थ लागतो, आणि तू नाहीस. उद्यापासून कॅप्टन सही करेल."

"हो, मॅडम," तो म्हणाला. निघताना त्याने मुंगीकडे एकदाच पाहिलं.

कॅप्टनने बाह्या वर केल्या. "ऐका. वेबसाइटचं पहिलं पान काढून टाका. चूक काय झाली त्याचं एक पान करा, झाकणासकट, ठिपक्यासकट. पदक गेलं तर जाऊ दे. आणि मुंगी, उद्या दुपारपर्यंत मला खरं 'नाक' दाखव. चमको नाहीतर न चमको."

आणि तेच तर होतं. न चमकलं तर? चार महिन्यांची ती मरतुकडी चमकसुद्धा डोळ्यांचा भास असली तर? गुरुवारी मुंगी उजाडताच विद्यापीठात हजर होती. बुधवारी दुपारी शेवटच्या घरातली नळी काढून, नाव पुसून, दोनदा वाचून तिने 'नाक' वाढायला ठेवलं होतं. आता सहा नळ्या, तीन शिशाच्या, तीन बिनशिशाच्या, बाबांच्या पाइपाचं पाणी, आणि मग वाट बघणं. वाट बघताना तिने टेबल तीन वेळा पुसलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं, काचांवर बारीक थेंब जमत होते. दोन वाजता कॅप्टन आली. दोघींनी नारिंगी चष्मे लावले.

"लाव दिवा."

"भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. लाव."

डावीकडच्या, बिनशिशाच्या तीन नळ्या काळ्याभोर होत्या. उजवीकडच्या तीन… अगदी फिकट. पण होत्या. हिरव्या होत्या. मशीनने आकडा दिला: दुपटीपेक्षा थोडा जास्त.

वीसपटीच्या जागी दुप्पट. कॅप्टनने आकडा तीनदा वाचला. "पदक नाही यात," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "पण खरं आहे ना गं." तिने मुंगीचं पान बोट ठेवून ओळ न ओळ वाचलं, खाली 'वाचले, समजले' लिहिलं, सही ठोकली आणि वेबसाइटवाल्यांना पिटाळायला निघून गेली.

मुंगीने बाबांना फोन लावला. "पाइप नापास झाला, बाबा. थोडासाच, पण खरा."

"वाटलंच होतं मला," बाबा भयंकर खूश होऊन म्हणाले.

मग खोलीत ती एकटीच उरली. घड्याळात पावणेचार. तिला वाटलं होतं सगळं सांगून झालं की भीती जाईल. गेली नव्हती. नुसती एका जागी येऊन बसली होती, समोरच्या त्या उंच स्टुलावर. आज सही नाही. उद्या नाही, परवा नाही. आता त्याला इकडे यायला काही कारणच उरलं नव्हतं.

चार वाजले. चार वाजून पाच. तिने ठरवलं, खिडकीतून बघायचं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी दाराशी ओल्या बुटांचा आवाज झाला.

"सही झालीये," ती न वळताच म्हणाली. "कॅप्टनने केली."

"माहीत आहे."

"मग कशाला आलास?"

"वाचायला."

ती वळली. केसांवर थेंब, खांदे भिजलेले. आज तो नेहमीसारखा स्टुलावर रेलला नाही. परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला आणि दोन्ही हात पुढे केले. तिने वही दिली. तो वाचायला लागला, वरून, पहिल्या ओळीपासून, प्रत्येक ओळीखाली बोट सरकवत. बुधवारचं पान वाचलं. रेघ मारलेली ओळ वाचली, आणि तिथे त्याचं बोट थांबलं.

"हे कशाला लिहिलंस? 'माहीत नाही' म्हणून?"

"तुझं नाव यायला नको होतं मला."

"का?"

खिडकीबाहेर पाऊस जरा वाढला. ती पळून जाऊ शकली असती. नळ जवळच होता, बाटल्याही होत्या. तिची बोटं नळाकडे गेलीसुद्धा. मग तिने हात मागे घेतला.

"कारण तू रुसलास, तर चार वाजता कोण येणार?" ती थांबली नाही. "पदकाचं मला वाईट वाटेल, पण वाटून जाईल. तू यायचा थांबलास तर… ते जायचं नाही. मला तू आवडतोस. खूप आधीपासून. कोकलणाऱ्या फ्रीजरपासून म्हण हवं तर. आता काय रागवायचं ते रागव."

ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो, या वेळी, वहीकडे बघत नव्हता.

"मी किती घाबरलो होतो माहीत आहे का तुला?" तो शेवटी म्हणाला. "मंगळवारी तू वही मिटलीस ना, तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. मी रोज पान वाचत नाही, हिलाच वाचत बसतो, ते कळलं आणि आता ही येऊ नको म्हणणार. घरी जाऊन पानांचे फोटो वाचत बसलो ते त्यासाठी. आता तरी नीट वाचावं म्हणून."

"मग सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस?"

"तू एकटी उभी होतीस तिथे."

मुंगीला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने वही ओढून घेतली. त्याने ती सोडली नाही. दोघांची बोटं पानाच्या कडेवर एकमेकांना लागली आणि तशीच राहिली.

"वाचलंस?" तिने विचारलं, सवयीने.

"वाचलं."

"समजलं?"

तो तोंड उघडून थांबला. चार महिने रोज दिलेलं उत्तर जिभेवर आलं असणार, कारण त्याचे ओठ त्या शब्दाला हलले. मग त्याने मान हलवली.

"समजलं," तो म्हणाला. पुढे अंदाजे म्हणाला नाही.